तांदळाच्या दाण्याहून लहान पेसमेकर: बातमी कोणासाठी आणि थांबायचे कोणी?

एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यासोबतचा फोटो जगभर फिरला. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असलेला पेसमेकर, जो सुईतून शरीरात सोडता येतो आणि काम संपले की शरीरातच विरघळून जातो. मराठी वृत्तपत्रांतून आणि व्हॉट्सॲपवरूनही ही बातमी घरोघरी पोहोचली. तेव्हापासून हृदयरोगाच्या ओपीडीत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: "डॉक्टर, आईला पेसमेकर सांगितलाय. पण आता तो विरघळणारा येणार आहे ना? तोपर्यंत थांबले तर चालेल का?"

प्रश्न स्वाभाविक आहे. छातीत कायमचे यंत्र बसवण्याची कल्पना कोणालाही सहज पचत नाही. पण काही रुग्णांसाठी हे थांबणे जिवावर बेतू शकते. म्हणून ही बातमी कोणासाठी आहे, कोणासाठी नाही, आणि आज आपल्याकडे कोणते पर्याय उपलब्ध आहेत, हे नीट समजून घेऊ.

आधी थोडे हृदयातल्या विजेबद्दल

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. विश्रांतीत असताना तो साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० वेळा विद्युत संदेश पाठवतो. हा संदेश वरच्या कप्प्यांतून मधल्या एव्ही नोडपर्यंत येतो, तिथे क्षणभर थांबतो आणि मग खास तंतूंच्या जाळ्यातून खालच्या कप्प्यांत पसरतो. त्यातून एक ठोका पडतो. असे दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात.

या व्यवस्थेत दोन ठिकाणी बिघाड होऊन ठोके मंद होतात. एक म्हणजे सायनस नोडच थकतो आणि संदेश कमी पाठवतो किंवा मध्येच काही सेकंद गप्प बसतो. दुसरा म्हणजे संदेश निघतो, पण मधल्या वाटेवर अडतो. याला 'हार्ट ब्लॉक' म्हणतात. वाट पूर्ण बंद झाली तर खालचे कप्पे स्वतःच्या बळावर, बहुतेक वेळा मिनिटाला ३० ते ४० या गतीने, कसेबसे चालत राहतात. ही राखीव यंत्रणा भरवशाची नसते. ती केव्हाही थांबू शकते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे 'ब्लॉकेज' म्हटले की लोकांना रक्तवाहिनीतला अडथळा आठवतो आणि त्यावर अँजिओप्लास्टी, स्टेंट किंवा बायपास हे उपाय असतात. 'हार्ट ब्लॉक' हा विजेच्या वाटेतला अडथळा आहे. पहिला बिघाड नळाचा, दुसरा वायरिंगचा. स्टेंट बसवून वायरिंग सुधारत नाही आणि पेसमेकर बसवून रक्तवाहिनी मोकळी होत नाही. काही रुग्णांना दोन्ही बिघाड असतात आणि दोन्ही उपचार लागतात.

हा नवा पेसमेकर चालतो कसा?

नेहमीच्या पेसमेकरला बॅटरी लागते आणि बहुतेकांना तारा लागतात. या नव्या यंत्रात दोन्ही नाहीत. ते सुमारे ३.५ मिलिमीटर लांब, १.८ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड आहे. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंचे इलेक्ट्रोड आहेत. शरीरातील द्रवाशी संपर्क आला की त्यांचीच एक छोटी बॅटरी तयार होते.

रुग्णाच्या छातीवर एक मऊ पट्टी चिकटवलेली असते. ती हृदयाचे ठोके सतत मोजते. ठोके मंदावले की ती अवरक्त प्रकाशाचे स्पंद सोडते. हा प्रकाश त्वचा, हाडे आणि स्नायू पार करून आतल्या यंत्रापर्यंत पोहोचतो. यंत्रातला प्रकाशावर चालणारा स्विच सुरू होतो, वीज वाहते आणि ठोका पडतो. प्रकाश ज्या गतीने लुकलुकतो, त्या गतीने हृदय चालते. यंत्र विरघळणाऱ्या पदार्थांचे असल्याने ते नंतर बाहेर काढावे लागत नाही.

कल्पना खरोखर सुंदर आहे. पण शोधनिबंधातील चाचण्या उंदीर, डुक्कर, कुत्रा अशा प्राण्यांवर आणि मृत अवयवदात्यांच्या हृदयांवर झालेल्या आहेत. जिवंत माणसावरचा उपचार म्हणून त्या शोधनिबंधात हे यंत्र वापरलेले नाही. प्राण्यांत यशस्वी झालेले यंत्र माणसांवरच्या चाचण्या, सुरक्षिततेची तपासणी आणि सरकारी मान्यता असे टप्पे पार करून रुग्णापर्यंत येते. हे टप्पे पार करायला वर्षे लागतात आणि अनेक यंत्रे मध्येच गळतात.

विरघळणारे यंत्र हवे कोणाला?

बातम्यांत मागे पडलेला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे की हे यंत्र तात्पुरत्या पेसिंगसाठी बनवले आहे. जे काम संपल्यावर विरघळून जाते, ते ज्याला आयुष्यभर आधार हवा त्याच्या काय कामाचे?

संशोधकांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः जन्मजात हृदयविकार असलेली बाळे आहेत. जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी साधारण एकाला असा विकार असतो. त्यातल्या काहींवर शस्त्रक्रिया करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर सुजेमुळे विजेची वाट काही दिवस बंद पडू शकते. म्हणून सर्जन हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक तारा लावून त्या छातीबाहेर काढतात आणि बाहेरच्या पेसमेकरला जोडतात. बहुतेक बाळांचे हृदय साधारण आठवड्याभरात सावरते. मग त्या तारा हलकेच ओढून काढल्या जातात.

बहुतेक वेळा हे सुरळीत होते. पण तारेभोवती व्रणाची ऊती तयार झालेली असेल, तर ओढताना इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांचा २०१२ मध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. अशा तात्पुरत्या तारा काढल्यावर त्यांना अंतर्गत रक्तस्राव झाला होता. तार नसेल आणि काढावे लागणारे यंत्रही नसेल, तर हा धोका राहणार नाही.

मोठ्या माणसांतही तात्पुरते पेसिंग लागते. हृदयाच्या खालच्या भागाला हार्ट अटॅक आला की काही रुग्णांत हार्ट ब्लॉक होतो आणि तो सहसा काही दिवसांत निवळतो. आपल्याकडे बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्ल्याने होणारी विषबाधाही दिसते. त्या विषाने ठोके धोकादायकरीत्या मंदावतात. विषाचा अंमल उतरेपर्यंत रुग्णाला तात्पुरत्या पेसमेकरवर ठेवावे लागू शकते. रक्तातले पोटॅशियम वाढल्यानेही ठोके मंदावतात. बीटा-ब्लॉकर, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन अशा गोळ्यांमुळे, इतकेच काय, काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायच्या टिमोलॉल थेंबांमुळेही ते मंदावू शकतात. कारण दूर केले की यातल्या अनेकांना पेसमेकरची गरजच उरत नाही. म्हणून पेसमेकरचा सल्ला मिळाला की सगळी औषधे, डोळ्यांच्या थेंबांसह, डॉक्टरांना दाखवावीत. मात्र कोणतीही गोळी मनाने बंद करू नये.

थांबू नये असे रुग्ण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वयोमानाने विजेच्या वाटेतले तंतू झिजून, कडक होऊन झालेला पूर्ण हार्ट ब्लॉक आपोआप बरा होत नाही आणि तो कायमचा बरा करणारे औषध नाही. पेसमेकर उपलब्ध नव्हते त्या काळात, अशा ब्लॉकमुळे शुद्ध हरपणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे वर्षभरात दगावत असत. आज तेच रुग्ण पेसमेकरवर वर्षानुवर्षे नेहमीचे आयुष्य जगतात.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील करोलिन्स्का येथे आर्ने लार्सन यांना जगातला पहिला शरीरात बसवायचा पेसमेकर बसवला गेला. सर्जन होते ऑके सेनिंग आणि यंत्र बनवणारे अभियंते रूने एल्मक्विस्ट. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन यांना पुढे अनेकदा यंत्र बदलावे लागले, पण ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आपल्या शस्त्रक्रियेचे सर्जन आणि अभियंता या दोघांहून ते अधिक काळ जगले. १९५८ चे यंत्र आजच्या तुलनेत ओबडधोबड होते. तरी चांगल्या यंत्राची वाट पाहत बसणे त्यांना परवडणारे नव्हते.

पुढील परिस्थितीत डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला असेल, तर नव्या तंत्रज्ञानासाठी थांबू नये:

- ईसीजीत पूर्ण हार्ट ब्लॉक किंवा 'मोबिट्झ टाइप टू' ब्लॉक दिसला आहे आणि त्यामागे औषध, विष, ताजा हार्ट अटॅक असे दुरुस्त होणारे कारण नाही.
- ठोके मंदावल्यामुळे शुद्ध हरपली आहे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला झाले आहे.
- होल्टर तपासणीत ठोक्यांमध्ये मोठे विराम दिसले आहेत आणि त्याच वेळी लक्षणे होती.

याउलट, काही जणांना खरेच घाई नसते. नियमित धावणाऱ्या किंवा शारीरिक कष्टाच्या कामाची सवय असलेल्या निरोगी माणसाची नाडी ५० च्या खाली असू शकते. गाढ झोपेत ठोके मंदावणे नैसर्गिक आहे. सायनस नोड थकलेला आहे पण काहीच त्रास नाही, अशा वेळी अनेकदा फक्त लक्ष ठेवले जाते. या आजारात पेसमेकर मुख्यतः लक्षणे दूर करण्यासाठी असतो. म्हणजे "नाडी ४८ आहे" एवढ्यावर निर्णय होत नाही. नाडी मंद का आहे, अडथळा कुठे आहे आणि त्याने त्रास होतो का, या तीन प्रश्नांवर तो ठरतो.

आज उपलब्ध असलेले पर्याय

*नेहमीचा पेसमेकर.* कॉलरच्या हाडाखाली त्वचेच्या आत लहानसे यंत्र बसवतात आणि शिरेतून एक किंवा दोन तारा हृदयात नेतात. जागा बधिर करून, साधारण तासा-दीड तासात हे होते. छाती उघडावी लागत नाही. यंत्र सतत ठोके देत नाही. ते हृदयाचे ऐकत राहते आणि गरज पडेल तेव्हाच सूक्ष्म विद्युत स्पंद देते. बॅटरी साधारणपणे ८ ते १२ वर्षे चालते, नंतर यंत्र बदलता येते. जंतुसंसर्ग, तार सरकणे किंवा बिघडणे आणि क्वचित फुप्फुसाला इजा होणे हे त्यातले धोके आहेत.

*बिनतारी पेसमेकर.* हा आजही उपलब्ध आहे आणि तांदळाच्या दाण्याच्या बातमीशी त्याची अनेकदा गल्लत होते. मोठ्या कॅप्सूलसारखे, सुमारे २ ग्रॅम वजनाचे हे यंत्र जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात नेऊन बसवतात. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. छातीवर जखम नाही, त्वचेखाली फुगवटा नाही आणि तारेचे बिघाड नाहीत. सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासात गंभीर गुंतागुंत तारांच्या पेसमेकरच्या आधीच्या नोंदींच्या तुलनेत जवळपास निम्मी आढळली. मात्र ती तुलना जुन्या नोंदींशी होती, दोन गटांत चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. डायलिसिसवरचे रुग्ण, पूर्वी पेसमेकरला जंतुसंसर्ग झालेले आणि छातीकडच्या शिरा बंद असलेले रुग्ण यांना याचा विशेष फायदा होतो. पण बसवताना हृदयाला छिद्र पडण्याचा छोटा धोका असतो आणि किंमत नेहमीच्या यंत्राच्या कितीतरी पट असते. तरुण रुग्णाला आयुष्यात तीन-चार यंत्रे लागू शकतात, तेव्हा जुन्या यंत्रांचे काय करायचे हाही प्रश्न आहेच. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कप्प्यांत बसणाऱ्या बिनतारी जोडीला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

*नैसर्गिक वाटेवरचे पेसिंग.* याची बातमी फारशी होत नाही, पण माझ्या मते रुग्णांच्या दृष्टीने गेल्या दशकातला हा सर्वांत उपयोगी बदल आहे. पूर्वी तारेचे टोक उजव्या कप्प्याच्या स्नायूत बसवत. त्यामुळे हृदयाचे दोन्ही भाग एकाच वेळी आकुंचन पावत नाहीत आणि सतत पेसिंग लागणाऱ्या काही रुग्णांचे हृदय काही वर्षांत कमकुवत होते. २०१७ मध्ये चीनमधील डॉक्टरांनी तारेचे टोक दोन कप्प्यांमधल्या पडद्यात खोल नेऊन थेट डाव्या विद्युत शाखेला स्पंद देण्याची पद्धत मांडली. यंत्र तेच, पण वीज हृदयाच्या मूळ वाटेने जाते. भारतातील डॉक्टरांनीही या पद्धतीवर महत्त्वाचे संशोधन केले आहे. तिचा दीर्घकालीन फायदा तपासणाऱ्या मोठ्या चाचण्या सुरू आहेत. तरीही ज्यांना सतत पेसिंग लागणार आहे, त्यांनी याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

प्रत्येक बिघडलेल्या तालाला पेसमेकर नसतो

ठोके वेडेवाकडे आणि जलद पडण्याचा 'एट्रियल फिब्रिलेशन' हा आजार नुसत्या पेसमेकरने बरा होत नाही. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी हा त्यावरचा मुख्य बचाव असतो. पेसमेकर बसला म्हणून ती गोळी बंद करणे ही मोठी चूक ठरेल. काही रुग्णांचे ठोके कधी फार जलद तर कधी फार मंद होतात. जलद ठोक्यांसाठी गोळी द्यावी तर मंद ठोके अजून मंदावतात. अशा वेळी पेसमेकरचा आधार असला की गोळी निर्धास्तपणे देता येते. कोणत्याच औषधाने वेग आटोक्यात येत नसेल, तर पेसमेकर बसवून मग एव्ही नोडची वाट मुद्दाम बंद करण्याचाही उपाय आहे.

खालच्या कप्प्यातून उठणारे जिवघेणे जलद ठोके थांबवायला आयसीडी हे वेगळे यंत्र लागते. ते आधी ठोक्यांहून थोड्या जास्त वेगाने काही स्पंद देऊन ताल मोडायचा प्रयत्न करते. रुग्णाला हे बहुतेक वेळा जाणवतही नाही. तेवढ्याने भागले नाही तर ते शॉक देते.

आपल्याकडची खरी अडचण

यंत्र किती लहान आहे, यावर आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांचे भवितव्य ठरत नाही. ते ठरते निदान वेळेवर होते का, यावर. आजीला चक्कर आली की "उन्हाने झाले", "अशक्तपणा आहे" म्हणून सलाईन लावले जाते. शुद्ध हरपताना हातपाय झटकले तर आकडी समजून फिटच्या गोळ्या सुरू होतात. पडून खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते, पण पडलात का हे कोणी विचारत नाही. एका साध्या ईसीजीने यातल्या अनेकांचे निदान होऊ शकते. ईसीजी करतेवेळी ठोके नीट असतील तर २४ तासांचे होल्टर लागते.

दुसरा प्रश्न पैशांचा. कायमस्वरूपी पेसमेकर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या उपचारांत येतो. महाराष्ट्रात आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रांची माहिती आधीच घ्यावी. योजनेतून मिळणारा साधा पेसमेकर हा 'कमी प्रतीचा' म्हणून नाकारू नये. जीव वाचवण्याचे मूळ काम तो चोख करतो.

तिसरा मार्ग वापरलेल्या यंत्रांचा आहे. त्याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी. मृत व्यक्तीच्या शरीरातला पेसमेकर दहनापूर्वी काढावाच लागतो, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. काढलेल्या यंत्राची बॅटरी अनेकदा काही वर्षे शिल्लक असते. अमेरिकेत मृत्यूनंतर दान मिळालेले असे पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईतील ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात जंतुसंसर्ग किंवा यंत्र बंद पडण्याची एकही घटना नव्हती. २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, पुन्हा निर्जंतुक केलेली यंत्रे बसवलेल्या १,०५१ रुग्णांची नवी यंत्रे बसवलेल्या ३,१५३ रुग्णांशी तुलना झाली. दोन वर्षांत जंतुसंसर्गाचे प्रमाण अनुक्रमे २.० आणि १.२ टक्के होते आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. मात्र अशा वापराला काटेकोर तपासणी, नोंदी, रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि स्पष्ट नियम लागतात. त्याशिवाय कोणी 'स्वस्तात' वापरलेले यंत्र देऊ केले, तर ते घेऊ नये. आपल्या देशात अशी नियमबद्ध व्यवस्था उभी राहिली, तर पैशाअभावी थांबलेल्या रुग्णांना तिचा उपयोग प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राच्या कितीतरी आधी होईल.

डॉक्टरांना काय विचाराल?

पेसमेकरचा सल्ला मिळाला असेल, तर हे पाच प्रश्न लिहून न्या:

१. माझा अडथळा कुठे आहे आणि तो आपोआप बरा होण्यासारखा आहे का?
२. माझ्या एखाद्या औषधामुळे ठोके मंदावले असतील का?
३. मला सतत पेसिंग लागेल की अधूनमधून?
४. माझ्यासाठी एक तार, दोन तारा, नैसर्गिक वाटेवरचे पेसिंग की बिनतारी, आणि का?
५. हे यंत्र एमआरआयला चालते का?

यंत्र बसल्यावर ओळखपत्र कायम जवळ ठेवा आणि तपासणीच्या तारखा चुकवू नका. मोबाइल यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा, म्हणजे शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नको. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवा. घरातले टीव्ही, मिक्सर, फ्रिज नेहमीसारखे वापरता येतात.

आणि घरात कोणाची शुद्ध अचानक हरपली, भले ती व्यक्ती मिनिटभरात उठून "काही नाही झाले" म्हणाली, तरी त्याच दिवशी ईसीजी करून घ्या. नाडी मिनिटाला ४० च्या खाली असेल आणि सोबत चक्कर, धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर १०८ ला फोन करा. विरघळणारा पेसमेकर येईल तेव्हा येईल. मंदावलेल्या हृदयाला हवा असलेला उपचार आज, जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणीही बऱ्याचदा मिळू शकतो.